निळ्या दिव्याखालची बरणी

१

पुस्तकं बांधणारे बाइंडर गेले मंगळवारी सकाळी सातच्या सुमारास, आणि दुपारी एक वाजायच्या आत त्यांच्याच घरी राहणाऱ्या बहिणीने पोलीस ठाण्यात येऊन सांगितलं, "माझ्या भावाला त्याच्या सुनेने मारलं."

फौजदारबाईंनी आधी तिला पाणी दिलं. बाई साठीला टेकलेली, सडसडीत. एका पायात घरातली सपात होती, दुसऱ्यात बाहेरची चप्पल, आणि त्याचा तिला पत्ता नव्हता.

"कशावरून म्हणता?"

"दादाला कोलंबी चालत नव्हती. लहानपणापासून. एक तुकडा पोटात गेला तरी तोंड सुजायचं. घरात सगळ्यांना माहीत आहे. त्याला दोन दिवस सर्दी होती म्हणून हिने काल सूप केलं. सकाळी वाटीभर गरम करून त्याच्या खोलीत नेलं आणि पाच मिनिटांत किंचाळली. मी धावले तर दादा जमिनीवर. ओठ सुजलेले, डोळे सुजून मिटलेले. अगदी कोलंबी खाल्ल्यावर व्हायचं तसं, फक्त दहापट."

"सुपात कोलंबी होती हे तुम्ही पाहिलं?"

"कसं पाहणार? डॉक्टर येईपर्यंत हिने वाटी घासून, पुसून फळीवर उपडी घातली होती! उरलेलं सूपही ओतून दिलं. घरात माणूस मरून पडलाय आणि ही भांडी घासतेय!"

फौजदारबाईंचं पेन वाटीपाशी थांबलं. वीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी आत्यांचे, सासवांचे, नणंदांचे पुष्कळ आरोप ऐकले होते आणि बहुतेक दुसऱ्या दिवशी विरून जायचे. पण घासलेली वाटी विरून जाणारी नव्हती.

२

प्रेत नेलं होतं. खोली तशीच होती.

एका भिंतीला लागून माणसाच्या उंचीएवढी लांब, खाऱ्या पाण्यातल्या माशांची टाकी होती. पडदे ओढलेले होते. टाकीवर ऊन पडलं की काचेला शेवाळ धरतं, असं बाइंडरांच्या मुलाने सांगितलं. त्यामुळे खोलीत उजेड होता तो फक्त टाकीवरच्या निळ्या दिव्याचा. त्या उजेडात भिंत निळी, चादर निळी, हवालदाराचं नाकसुद्धा निळं. पाण्यात दोन मासे एका मऊ बोटाबोटांच्या जिवंत गोळ्याभोवती घुटमळत होते. घरचे त्या गोळ्याला समुद्रफूल म्हणत.

"मॅडम, डोळ्यांनी पाहणारे साक्षीदार हे एवढेच," हवालदार म्हणाला. "आणि यांचा जबाब काही घेता यायचा नाही."

टाकीखालच्या कपाटाचं दार उघडं होतं. आत मिठाची पोती, थर्मामीटर, जाळी, आणि कापडी पुठ्ठ्याची एक जाड वही. टाकीच्या कडेला काचेची बरणी होती, तिच्यावर बाइंडरांच्या सुरेख अक्षरात 'गोळ्या' लिहिलेली चिठ्ठी. झाकण जमिनीवर उपडं पडलं होतं. फौजदारबाईंनी वाकून बरणीत पाहिलं. तपकिरी काळपट दाणे. माशांचं खाणं. त्यांनी झाकण नीट लावून बरणी होती तिथे ठेवून दिली.

सकाळी आलेल्या डॉक्टरांनी दोन गोष्टी लिहून ठेवल्या होत्या. उजव्या हाताची बाही कोपरापर्यंत दुमडलेली होती. आणि त्या हातावर, बोटांपासून मनगटापर्यंत, लाल गांधी उठल्या होत्या. डाव्या हातावर नव्हत्या.

सून बाहेरच्या खोलीत खुर्चीच्या टोकावर बसली होती. दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती आणि कामावर जायच्या कपड्यांतच होती. कामावर जायचं राहून गेलं होतं.

"वाटी का घासलीत?"

"माहीत नाही." मग ती सांगू लागली, "बाबा पडलेले दिसले आणि वाटी हातातून निसटली. सगळीकडे सूप. आत्या ओरडत होत्या, हे फोन करत होते. मला काहीतरी करायला हवं होतं. दवाखान्यात आम्ही काही सांडलं की पहिलं पुसतो. मी पुसलं. घासलं. हात थांबेचनात."

"त्यांनी सूप प्यायलं?"

"मी गेले तेव्हा ते पडलेलेच होते."

"हे तुमच्याशिवाय कोणी पाहिलं?"

तिने मान हलवली. नाही.

"तुमचं आणि सासऱ्यांचं पटत होतं?"

ती नवऱ्याकडे बघत राहिली. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, उंचापुरा माणूस. त्याने खिडकीबाहेर नजर लावली आणि पुटपुटला, "टाकीवरून वाद व्हायचे. ही म्हणायची, टाकी काढा. बाबांना ते लागायचं. टाकी आईची होती."

माझ्या बायकोने असं काही केलं नसेल, एवढं एक वाक्य त्याच्याकडून येईल म्हणून फौजदारबाई थांबून राहिल्या. ते आलं नाही. सुनेनेही ते ऐकायला कान दिला होता, हे त्यांच्या नजरेतून सुटलं नाही.

३

शुक्रवारी शवचिकित्सेचा निकाल आला. विष नाही. मार नाही. घसा आतून सुजून श्वासाची वाट बंद झालेली. जोराची ॲलर्जी.

"म्हणजे कोलंबीच!" बहीण म्हणाली. तीन दिवसांत तिचे गाल बसले होते.

"पोट रिकामं होतं," फौजदारबाई म्हणाल्या. "नुसतं पाणी. सुपाचा थेंब नाही, रात्रीनंतर कसलाच कण नाही. तुमच्या दादांनी ती वाटी तोंडाला लावलीच नव्हती."

पण बहिणीचा संशय तसा हटणारा नव्हता. "मग हिने दुसरं काही केलं असेल. हुंगायला दिलं असेल. हिला ती टाकी डोळ्यांत खुपायची, बाई. माझ्या वहिनीची टाकी! शाळेत जीवशास्त्र शिकवायची ती. अकरा वर्षांपूर्वी एवढंसं फूल आणून लावलं होतं. ती जाऊन चार वर्षं झाली, पण दादाने एक दिवस पाणी बदलायचं चुकवलं नाही."

फौजदारबाई ठाण्यात परतल्या आणि समोरच्या कागदावर आडवी रेघ मारली. अन्न नाही. मग काय? कातडीवरून, नाहीतर श्वासातून. पण घरात त्या सकाळी असं काय नवीन होतं, जे आधीच्या हजारो सकाळी नव्हतं?

"खोकला होता त्यांना," हवालदार म्हणाला. "शेजारी म्हणत होते, वर्षभर धाप लागायची. कागदाची धूळ, खळ, सरस. बाइंडरचा धंदाच तसा."

"मग दुकानात जाऊन बघू या, तिथे किती धाप लागायची ते."

४

दुकान एका अरुंद गल्लीत होतं. फळ्यांनी भरलेल्या भिंती, दाबाचं लोखंडी यंत्र, सुताच्या रिळांची रांग, आणि सगळ्यावर कागदाचा भुगा बसलेला. शेजारच्या चष्मेवाल्याने कुलूप उघडून दिलं.

"दुकानात खोकायचे का फार?"

चष्मेवाल्याने कुलूप कट्ट्यावर ठेवलं. "सकाळी आले की डोळे लाल, नाक वाहतंय, शिंकांवर शिंका. मी म्हणायचो, घरी रडून येता की काय! अकरा वाजेपर्यंत खणखणीत. मग दिवसभर या धुळीत बसायचे आणि एक शिंक नाही. अलीकडे दोन महिने तर सकाळीही ठणठणीत यायचे."

फौजदारबाईंनी हवालदाराकडे पाहिलं. धुळीत बरे आणि घरी आजारी. म्हणजे गुन्हेगार जो कोणी होता, तो घरातच राहत होता. आणि दोन महिने तो कुठेतरी गेला होता.

टेबलाच्या खालच्या खणात, सुयांच्या डब्याखाली, त्यांना एक लांबट खोका सापडला. आत एक इंजेक्शन होतं, न वापरलेलं. ॲलर्जीचा जोरदार झटका आला तर मांडीत टोचून घ्यायचं, असं खोक्यावर लिहिलं होतं. खाली एका दवाखान्याचा शिक्का.

हवालदाराने ते हातात धरून म्हटलं, "हे घरात असतं तर?"

चष्मेवाला आपल्या दुकानात निघून गेला.

५

त्या दवाखान्यातल्या ॲलर्जीच्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या आणि बातमी ऐकून त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं. लेखी दिलं होतं."

"काय?"

"खाऱ्या पाण्याच्या टाकीपायी माणसाला पुष्कळ त्रास होऊ शकतात. कोणाला दमटपणातल्या बुरशीचा, कोणाच्या हाताला त्या पाण्यातल्या जिवांचा. यांचं तसं नव्हतं. माशांना जे घालतात त्याचं होतं. लाल अळ्या. बर्फात गोठवलेल्या मिळतात, वाळवलेल्याही मिळतात. त्यांच्यातल्या एका द्रव्याची काही लोकांना भयंकर ॲलर्जी होते. कोलंबी न चालणाऱ्यांपैकी काहींना जास्तच. नुसत्या बोटाला लागल्या तरी गांधी उठतात. आणि वाळवलेल्या असल्या तर त्यांचा भुगा हवेत उडतो, तो थेट छातीत जातो. मी म्हटलं, टाकी काढून टाका."

"मग?"

"ते हसले. म्हणाले, डॉक्टर, घरात तिच्या हाताची एवढीच एक जिवंत गोष्ट उरली आहे. तेवढी सोडून काय ते सांगा. मग आमची तडजोड झाली. अळ्या कायमच्या बंद, नुसत्या गोळ्या घालायच्या, आणि इंजेक्शन उशाशी. घरच्यांना सगळं सांगायचं. त्यांनी मान डोलावली." डॉक्टरीणबाईंनी खालचा ओठ चावला. "दोन महिन्यांपूर्वीची गोष्ट."

दोन महिने. हिशोब जुळला होता. पण घरच्यांपैकी कोणाच्याही तोंडून या कागदाचं नाव निघालं नव्हतं. एक तर कोणीतरी तो लपवला होता, किंवा कोणीतरी तो वाचून नेमका उपयोग केला होता.

६

फौजदारबाई पुन्हा त्या निळ्या खोलीत गेल्या. या वेळी त्यांनी मुलगा, सून आणि बहीण या तिघांना दाराशीच उभं केलं आणि विचारलं, "बाइंडरांना या टाकीतल्या कशाची ॲलर्जी होती, हे तुमच्यापैकी कोणाला माहीत होतं?"

तिघांच्याही चेहऱ्यावर एकच कोरेपणा. खोटं बोलणारा माणूस इतरांकडे बघून घेतो. इथे कोणी कोणाकडे बघितलं नाही.

मग कागद कुठे गेला? बाइंडरांनी तो फाडला नसता. आयुष्यभर कागद जपणारा माणूस. त्यांनी कपाटातली कापडी वही काढली. पहिली सात वर्षं बायकोचं गोल अक्षर: पाण्याचा खारटपणा, तापमान, कोणी काय खाल्लं. पुढे बाइंडरांचं. दोन महिन्यांपूर्वीची एक ओळ: 'लाल अळ्या बंद. आजपासून गोळ्या.' त्यानंतर जवळजवळ रोज: 'कमी खाल्लं.' 'फूल मिटून बसलं आहे.' सोमवारी, म्हणजे आदल्या दिवशी: 'आजही नाही खाल्लं. रागावू नकोस.'

ते शेवटचे दोन शब्द कोणासाठी होते हे विचारायची गरज नव्हती.

वही मिटताना त्यांच्या बोटांना जाणवलं, मागचा पुठ्ठा पुढच्यापेक्षा जाड आहे. आणि आतला चिकटवलेला कागद नवा, पांढराशुभ्र. त्यांनी कडेने तो अलगद सोडवला. आत दवाखान्याचा अहवाल घडी घालून बसवलेला होता. एवढ्या सफाईने की हे काम बाइंडरशिवाय दुसऱ्या कोणाच्या हातचं असणं शक्य नव्हतं.

"बाबांनीच लपवला?" मुलगा म्हणाला.

"हो. आणि इंजेक्शन दुकानात ठेवलं. घरात ते दिसलं असतं तर प्रश्न आले असते, आणि प्रश्न आले असते तर टाकी गेली असती. टाकी काढा म्हणणारं माणूस घरात आधीच होतं."

"मी त्यांच्या खोकल्यासाठी म्हणत होते," सून हळूच म्हणाली. "या खोलीतून बाहेर आले की जास्त खोकायचे. का म्हणतेस, असं मला कोणी कधी विचारलंच नाही."

"पण अळ्या तर बंद होत्या," हवालदार म्हणाला. "मग मंगळवारी काय झालं?"

फौजदारबाईंनी बरणी उचलली. निळ्या दिव्याखाली पुन्हा पाहिलं. तपकिरी, काळपट दाणे. मंगळवारी त्यांनी पाहिले होते तसेच. मग त्या खिडकीशी गेल्या आणि पडदा बाजूला सारला.

उन्हात बरणी बदलली. गोळ्या तपकिरी होत्या, पण त्यांच्यामध्ये, त्यांच्यावर, काचेच्या आतल्या बाजूला चिकटून, गर्द लाल काड्या आणि लाल भुगा होता.

"निळ्या उजेडात लाल रंग काळा दिसतो," त्या म्हणाल्या. "मीही फसले. त्यांनी रोजच्यासारखी बाही वर केली, झाकण उघडलं, उजव्या हाताने चिमूट घेतली. भुगा उडाला असेल. डोळे चुरचुरले म्हणून त्याच हाताने चोळले असतील. त्यांना वाटत होतं, बरणीत गोळ्याच आहेत. चिठ्ठी त्यांच्याच हातची होती." त्यांनी वळून तिघांकडे पाहिलं. "सोमवारच्या सकाळनंतर यात वाळलेल्या अळ्या कोणी मिसळल्या?"

आणि हा प्रश्न तोंडातून गेल्यावर त्यांना बहिणीच्या चेहऱ्यावर उत्तर दिसलं. प्रश्न परत घेता आला असता तर त्यांनी घेतला असता.

७

"मी," बहीण म्हणाली.

ती दाराची चौकट धरून उभी होती. आवाज अगदी साधा होता, कोणी बाजारातून काय आणलं विचारल्यावर सांगावं तसा.

"मासे खात नव्हते. दादा रोज त्या फुलासमोर बसायचा आणि त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. सोमवारी मी माशांच्या दुकानात गेले. तो म्हणाला, वाळलेल्या अळ्या द्या, तुटून पडतील. मी संध्याकाळी पुडा बरणीत ओतला आणि हलवून ठेवला. त्याला सांगितलं नाही. म्हटलं, सकाळी मासे खाताना बघेल आणि..." ती थांबली. "त्याला बरं वाटेल, म्हटलं."

पाण्याची मोटर तेवढी घुरघुरत होती.

"म्हणजे मी मारलं."

"नाही," फौजदारबाई म्हणाल्या. "हा अपघात आहे. तुम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. मी तसंच लिहिणार आहे."

"पण हात माझाच ना?" तिने दोन्ही तळवे पुढे धरले. "घ्या. त्या दिवशी मी ठाण्यात येऊन म्हटलं होतं ना, जिने मारलं तिला न्या. आता न्या."

फौजदारबाईंनी ते हात धरले आणि खाली केले. यापेक्षा कोणाला बेड्या घालणं सोपं होतं. खुनी सापडला की निदान त्याच्यावर रागावता येतं. इथे रागावायचं तरी कोणावर? कागद लपवणाऱ्यावर? तो गेला होता. आणि त्याने तरी काय मागितलं होतं? रोज सकाळी एका काचेसमोर थोडा वेळ.

बहीण हळूच सुनेकडे वळली. तिच्या डोळ्याला डोळा देणं तिला जमेना.

"मी चार माणसांत तुला खुनी म्हटलं."

"हो," सून म्हणाली.

"गल्लीत सांगत सुटले."

"मला माहीत आहे, आत्या. मी त्याच गल्लीतून जाते."

बहीण चौकटीला टेकून घसरत खाली बसली आणि तोंड उघडून रडू लागली, पण आवाज येईना. सून तिच्याकडे बघत उभी राहिली. फौजदारबाईंना वाटलं, ही आता आत निघून जाईल, आणि गेली तर तिला नावं ठेवायचा कोणाला हक्क नाही.

सून खरंच आत गेली. थोड्या वेळाने बॅग घेऊन बाहेर आली.

मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. "कुठे निघालीस?"

"आईकडे."

"अगं, आता सगळं स्पष्ट झालं ना? तुझा काही दोष नाही हे मॅडमच सांगतायत."

"मॅडम सांगतायत," ती म्हणाली. "चार दिवस तू सांगायला हवं होतंस. आत्यांनी मला काय म्हणायचं ते तोंडावर म्हटलं. त्यांचा भाऊ गेला होता. तू काय केलंस? खिडकीबाहेर बघत बसलास." तिचा आवाज चढला नाही. "मी कायमची जाते असं म्हणत नाही. येईन की नाही, तेही आज मला ठाऊक नाही."

या वेळी मात्र त्याने नजर चोरली नाही.

मग ती दाराशी गेली, बॅग जमिनीवर ठेवली आणि आत्यापुढे उकिडवी बसली.

"आत्या, उठा. तुमचे दोन कपडे घेतलेत मी बॅगेत. औषधाचा डबाही."

बहिणीला आधी ऐकूच गेलं नाही. दुसऱ्यांदा सांगितल्यावर तिने मान वर केली.

"मी? तुझ्या माहेरी? वेडी आहेस का? तुझी आई मला दारात तरी उभी करील?"

"करील."

"तू काय सांगणार तिला?"

"सगळं. जसं झालं तसं." सुनेने तिचा हात आपल्या खांद्यावर घेतला. "तुमच्यावरचा माझा राग गेलेला नाही. इतक्यात जाणारही नाही. पण तुम्हाला या खोलीशेजारी एकटं ठेवून मला तिथे झोप लागणार नाही. चला."

फौजदारबाईंनी दुसऱ्या बाजूने धरलं. जिना अरुंद होता, तिघींना एकदम उतरता येईना. मुलगा पुढे झाला, बॅग उचलून खाली घेऊन गेला आणि टॅक्सीचं दार उघडून उभा राहिला. सून आत्याला आधी बसवून मग स्वतः बसली. त्याने दार लावलं. तिने काच खाली केली.

"पोचल्यावर फोन करशील?" त्याने विचारलं.

"आत्या करतील," ती म्हणाली.

गाडी निघाली. वळणापर्यंत मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, एकमेकींपासून वीतभर अंतर राखून. वळणावर गाडी हेलकावली तेव्हा म्हातारं डोकं तरुण खांद्यावर टेकलं, आणि गाडी सरळ झाली तरी तिथेच राहिलं.